परातीत धुतलेले ब्रेक

माझ्या नवऱ्याने अख्ख्या सेक्टरला सांगितलं की मी ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबला. तो गाडीत नव्हता. तो घरी गच्चीवर बसून संत्रं सोलत होता. पण तो शास्त्रज्ञ आणि मी बँकेत काउंटरवर बसणारी बाई, त्यामुळे माझा पाय कुठे होता हे त्याला जास्त माहीत.

नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. विकास नगरच्या शाखेतून मी इंदिरा नगरला घरी येत होते, आमच्या चौदा वर्षं जुन्या पांढऱ्या गाडीतून. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली यमुनाचा इस्त्रीचा ठेला असतो. वळताना समोर कुत्रं आलं. मी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं. अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं. लगेच दुसऱ्यांदा दाबला तेव्हा गाडीने धरलं, पण तोवर बंपर ठेल्याला लागला होता. ठेल्याचा एक पाय मोडला आणि ठेला यमुनाच्या घोट्यावर बसला. कोळशाची इस्त्री रस्त्यावर आपटली, निखारे उडाले. ती बाई ओरडली. कशी ओरडली ते मी लिहीत नाही.

घोट्याची दोन हाडं मोडली. दवाखान्यात माझा नवरा, भास्कर, आला तो अंगात स्वेटर, हातात फाइल, जणू मीटिंगलाच. यमुनाच्या दिराने विचारलं, "साहब, हुआ कैसे?" मी तोंड उघडायच्या आत भास्कर म्हणाला, "मैडम घबरा गयीं. ब्रेक की जगह एक्सीलेटर दब गया. हो जाता है."

मी म्हणाले, "अहो, ब्रेक खाली गेला. दोनदा दाबावा लागला."

तर हा माझ्याकडे बघून हसला, आणि बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत हळूच म्हणाला, "सरोज, तू आत्ता शॉकमध्ये आहेस. ते ब्रेक मी स्वतः केलेत."

त्या एका वाक्यातच सगळं आलं. ब्रेक त्याने स्वतः केलेत, म्हणजे ते चुकूच शकत नाहीत. मग उरलं कोण? मी.

आता ते ब्रेक त्याने कसे केले, तेही सांगते. आम्ही मूळचे सांगलीचे, लखनौत सव्वीस वर्षं झाली. भास्कर इथल्या एका संशोधन संस्थेत आहे, औषधांवर काम करतो. दोन वर्षांपूर्वी कुणा मेकॅनिकने त्याला काहीतरी फसवलं, असं त्याचं म्हणणं, आणि तेव्हापासून गाडीला बाहेरच्या माणसाचा हात लागायचा नाही. सगळं व्हिडिओ बघून घरी. सप्टेंबरात मागच्या चाकांचे ब्रेक कुरकुरायला लागले. मागे ड्रम ब्रेक असतात. डब्यासारखा लोखंडी ड्रम, त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू, ब्रेक दाबला की ते पसरून ड्रमला आतून घासतात. शू झिजले की मधली एक दांडी आपोआप थोडी थोडी लांब होते आणि ती झीज भरून काढते. एवढीच विद्या. हे सगळं मला आता येतं, तेव्हा येत नव्हतं.

भास्करने दोन्ही चाकं एकदम उघडली. डावीकडचे, उजवीकडचे, सगळे तुकडे काढून माझ्या कणीक मळायच्या मोठ्या परातीत टाकले, वर रॉकेल ओतलं, आणि दात घासायच्या ब्रशने एकेक तुकडा चमकवला. मी म्हणाले, "माझी परात!" तर म्हणाला, "लॅबमध्ये काचसामान असंच धुतात. आधी सगळं स्वच्छ, मग जोडणी." त्याच्याजवळ एक निळ्या कव्हरची वही आहे, तिच्यात त्याने त्या दिवशी मथळा दिला: 'प्रयोग क्रमांक सात, मागील ब्रेक.' खाली लिहिलं: 'यशस्वी.' दिवसभर खपला, संध्याकाळी आंघोळ करून गच्चीवर असा बसला की जणू पेटंट मिळालंय. परात मी भंगारात दिली.

महिनाभरात पेडल खाली जायला लागलं. एकदम नाही, रोज केसभर. मी त्याला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा हा गाडी घेऊन एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काही नाही गं. तुझा पाय हलका पडतो." म्हणजे अपघाताआधी माझा पाय हलका पडत होता आणि अपघातानंतर भलतीकडे पडला. पाय एकच, आणि दोन्ही निदानं याचीच!

तर सेक्टरभर झालं. शेजारच्या शुक्लाजींची बायको भाजीच्या गाडीपाशी मला म्हणाली, "भाभीजी, इस उमर में घबराहट होती ही है, गाड़ी छोड़ दीजिए." मी चोपन्न वर्षांची आहे, चोवीस वर्षं गाडी चालवतेय. पण मी भाजी घेऊन घरी आले. कारण सगळ्यात वाईट गोष्ट सांगते, माझाच माझ्या पायावर विश्वास राहिला नव्हता. शाखेत स्टुलावर बसल्या बसल्या मी टेबलाखाली पाय हलवून बघायची. हा ब्रेक. हा ॲक्सिलरेटर. गाडीची किल्ली हातात घ्यायचं बंद केलं. बँकेत ई-रिक्षाने जायला लागले.

मग जानेवारीत, एका गुरुवारी, जेवताना भास्करने जाहीर केलं, "सोमवारपासून गाडी सानिकाला. आईला आता लागतच नाही."

सानिका आमची मुलगी. अमौसीला विमानतळावर एका कंपनीत लागलीय, ग्राउंड स्टाफमध्ये. सोमवारपासून तिची सकाळची ड्युटी, पाच वाजता हजेरी. जानेवारीतलं लखनौ ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, त्या वेळी धुक्यात स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. पंचवीस किलोमीटर, समोरून ट्रक.

मी म्हणाले, "त्या गाडीचे ब्रेक खाली जातात. ती जाणार नाही."

"मम्मी, फिर से वही?" सानिका म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदी. "पापा ने चला के देखा है ना. मैं भी तो पापा के साथ बैठी थी. ठीक रुकती है."

"तुझे पप्पा चालवतात तेव्हा थांबते."

"मग?" भास्कर म्हणाला. "गाडी चालवणारा बदलला की ब्रेक बदलतो का? सानिका, ही आईची भीती आहे. आपण समजून घ्यायचं."

समजून घ्यायचं! मी वेडी झालेय आणि हे दोघं मला समजून घेणार. मी ताट उचललं आणि सिंकमध्ये आदळलं. वाटी फुटली. ती पण माझ्याच घबराहटीत जमा झाली असणार.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी मुंशीपुलियाच्या अलीकडे एक गॅरेज आहे तिथे गेले. इश्तियाक नावाचा म्हातारा चालवतो. तो एक जुना ड्रम पालथा घालून त्यावर बसून चहा पीत होता. मला बघून उठला, फडक्याने तो ड्रम पुसला आणि म्हणाला, "तशरीफ़ रखिए." मी बसले आणि सगळं सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला.

"पहली दफ़ा नीचे जाता है, दूसरी दफ़ा पकड़ लेता है?"

"हाँ."

"तो मैडम, क़सूर आपके पैर का नहीं है."

एवढंच. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं. मला तिथेच रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला, की घरातल्या माणसांना जे म्हणता आलं नाही ते या माणसाने चहाच्या घोटात म्हणून टाकलं.

मग त्याने विचारलं, "दोनों तरफ़ साहब ने एक साथ खोला था?" मी परातीचं सांगितलं तर तो इतका हसला की चहा सांडला. "या अल्लाह! परात में!" मग सांगितलं. मधली जी दांडी असते तिच्यावर आटे असतात, आणि डावीकडच्या दांडीचे आटे उलटे, उजवीकडच्या दांडीचे सुलटे. दोन्ही दांड्या दिसायला जुळ्या बहिणी. अदलाबदल झाली की दर वेळी ब्रेक दाबल्यावर दांडी लांब व्हायच्याऐवजी आखूड होते. रोज केसभर. शू ड्रमपासून लांब लांब जातात. "एक तरफ़ खोलिए, दूसरी को बंद रहने दीजिए. बंद वाली आपका नक़्शा है. ये पहला सबक़ है, साहब ने वही नहीं पढ़ा."

मी म्हणाले, "आप घर चलिए."

तो म्हणाला, "चलूँगा. मगर साहब कहेंगे, मिस्त्री है, अपना काम निकाल रहा है." आणि ते खरंच होतं. भास्कर हेच म्हणाला असता, शब्द न बदलता. मग इश्तियाकने एका जुन्या चाकावर मला दाखवलं, कुठे काय, कसं. मी बँकेत अर्धा तास उशिरा पोचले. मॅनेजरने घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं.

रविवारी अकराला धुकं फाटलं, फाटकाजवळ ऊन आलं. भास्कर वर पेपर वाचत होता. मी जुनी सलवार चढवली, नाकातोंडाला ओलं फडकं बांधलं, कारण त्या ड्रममधली काळी धूळ फुंकायची नसते, ती छातीत जाते. भास्करने फुंकली होती, नळीने, माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर. जॅक लावला, पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागचं डावं चाक काढलं. इथवर छान.

ड्रम निघेना. ओढला, लाकडाने ठोकला, चारी बाजूंनी ठोकला. अर्धा तास. हाताची साल निघाली. शुक्लाजी गच्चीवरून म्हणाले, "भाभीजी, मिस्त्री बुला लीजिए." मी म्हणाले, "आप नीचे आ जाइए, पकड़िए." ते आत गेले. आणि मग मला आठवलं. गाडी घसरू नये म्हणून मी हँडब्रेक ओढून ठेवला होता. म्हणजे ज्या शूंनी ड्रम आतून घट्ट धरलाय, तोच ड्रम मी बाहेरून अर्धा तास बडवत होते! स्वतःला एक शिवी दिली, हँडब्रेक सोडला, दोन ठोके, ड्रम हातात.

आत बघितलं. स्वच्छ होतं हो, चकचकीत. दांडीला दात असलेलं एक चाकुलं असतं, ते पुढे सरकवणारी एक पट्टी असते. मी भास्करच्या खणातली स्टीलची मोजपट्टी आणून दांडी मोजली. मग स्क्रू ड्रायव्हरने ती सरकपट्टी उचलली, सोडली. खट्. उचलली, सोडली. खट्. तीस खटके मारले. पुन्हा मोजली.

दोन मिलिमीटर कमी.

मी पुन्हा मोजली. तेवढीच भरली. मी तिथूनच ओरडले, "भास्कर!" लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, मी नवऱ्याला कधी नावाने हाक मारलेली नव्हती. तो धावत खाली आला. मागोमाग सानिका, हातात टोस्ट.

"हे काय केलंस?" तो म्हणाला. "कुणी सांगितलं हात लावायला?"

"बसा इथे. बघा. ही दांडी लांब व्हायला पाहिजे ना?"

"हो."

खट्, खट्, खट्. "आखूड होतेय. डाव्या बाजूला उजवीकडची दांडी बसवलीत तुम्ही. परातीत मिसळल्या."

त्याने चष्मा वर केला, खाली केला. "तू उलटी फिरवतेयस."

"मी फिरवत नाही. सरकपट्टी फिरवते. तिला एकाच दिशेला जाता येतं."

"उजेड बरोबर नाहीये इथे."

उजेड! माझ्या डोक्यावर सूर्य होता.

"हे बघ सरोज, वाद नको. पेडलच दाखवतो तुला," असं म्हणून तो उठला आणि गाडीत जाऊन बसला.

मी किंचाळले, "पाय लावू नका! ड्रम काढलाय!" इश्तियाकने मला दहा वेळा बजावलं होतं. ड्रम काढलेला असताना पेडल दाबलं की शू अडायला काही नसतं, आतल्या छोट्या सिलिंडरमधून दट्टे उडून बाहेर येतात.

"मला शिकवू नकोस," आतून आवाज आला, आणि त्याने दाबलं. फट्ट झालं. एक स्प्रिंग माझ्या कानाजवळून गेली आणि तुळशीच्या कुंडीवर आपटली, दट्टा बाहेर, आणि ब्रेकचं तेल चाकाच्या जागेतून भळाभळा फरशीवर.

 मग सानिका म्हणाली, "पापा, आपने दो बार दबाया."

"काय?"

"ब्रेक. आपने दो बार दबाया. फट-फट." तिने टोस्ट बॉनेटवर ठेवला. "आप हमेशा दो बार दबाते हो. मैंने सोचा स्टाइल है आपकी."

भास्कर स्वतःच्या पायाकडे बघत बसला. त्याच्या वडिलांच्या जुन्या जीपवर तो शिकला होता, सांगलीत. तिला दोनदा दाबल्याशिवाय ब्रेक लागायचा नाही. चाळीस वर्षं हा माणूस प्रत्येक गाडीत दोनदा दाबतोय आणि त्याला पत्ता नाही. म्हणून त्याला पेडल कधी खाली गेलेलं कळलंच नाही. त्याच्या चकरा, त्याची निदानं, माझा हलका पाय, माझा भलता पाय, सगळं त्या एका फट-फटवर उभं होतं.

सानिका खाली बसली, स्क्रू ड्रायव्हर घेतला, स्वतः दहा खटके मारले, मोजपट्टी लावली.  मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सॉरी, आई." मम्मी नाही म्हणाली.

भास्कर गाडीतून उतरला. हात पुसले. आणि हा माणूस काय म्हणाला असेल? "ठीक आहे. एखाद्या मिस्त्रीला बोलाव. दांड्या बदलून घेऊ. झालं ते झालं, आता बाहेर बोलायची काही गरज नाही."

माझ्या आयुष्यात मी इतकी कधी चिडले नव्हते. "बाहेर तुम्हीच बोललात! बाहेर सगळ्यांना माझ्या पायाची चूक सांगितलीत तुम्ही! चला. आत्ताच्या आत्ता. यमुनाकडे."

"सरोज, लोक बघतायत."

"बघू देत. दोन महिने मलाच बघतायत."

यमुना ठेल्याजवळ स्टुलावर बसली होती. प्लास्टर निघालं होतं, पण पाय विटेवर ठेवलेला, सुजलेला. दीर इस्त्री करत होता, ती घड्या घालत होती. आम्ही तिघं समोर उभे राहिलो. माझे हात काळे, चेहरा काळा.

भास्कर म्हणाला, "यमुना, वो ऐसा है कि गाड़ी में कुछ तकनीकी ख़राबी निकली है."

"कुणाची चूक, ते नाव घ्या," मी म्हणाले.

त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, "ब्रेक मैंने ग़लत लगाये थे. मैडम का पैर ठीक था."

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. माझ्या छातीवरचा दगड उतरेल, यमुना माझा हात धरेल, असलं काहीतरी. यमुनाने हातातली घडी पूर्ण केली. मग माझ्याकडे बघितलं. साहेबाकडे नाही, माझ्याकडे.

"आपको पता था, ब्रेक नीचे जाता है?"

"मैंने इनको तीन बार बताया था."

"हम ये नहीं पूछ रहे. आपको पता था?"

"...हाँ."

"तो काहे चलायीं?"

 उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. माझा पाय मला रोज सांगत होता आणि मी नवऱ्याचं ऐकत होते, कारण तो खात्रीने बोलतो. एवढंच कारण. त्यासाठी या बाईचा घोटा गेला.

यमुना म्हणाली, "दो महीना आप दोनों तय करते रहे कि ग़लती किसकी. टाँग तो हमारी थी. हमसे किसी ने पूछा?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "साहब, पूरे मोहल्ले में आप ही बोले थे ना? शाम को सब कपड़ा लेने आते हैं. आप खड़े होइए यहीं. सबको बताइए. और मैडम, आप भी."

दीर इस्त्री थांबवून बघत होता. भास्करने माझ्याकडे बघितलं, मी काही मदत केली नाही. मी पण घाबरले होते.

सानिका म्हणाली, "पाँच बजे से आते हैं सब?" यमुनाने मान हलवली. "तो हम लोग पाँच बजे आयेंगे." मग ती मला म्हणाली, तिच्या तुटक्या मराठीत, "मी उद्या कॅब घेते. तू ब्रेकचं नंतर बघ."

पाचला आम्ही गेलो. पहिली आली शुक्लाजींची बायको, सहा शर्ट आणि एक साडी. भास्करने घसा साफ केला. "भाभीजी, वो जो एक्सीडेंट हुआ था, उसमें थोड़ा टेक्निकल..."

"साहब," यमुना घडी घालता घालता म्हणाली.

"ब्रेक मैंने ग़लत लगाये थे," भास्कर म्हणाला.

शुक्लाबाईने माझ्याकडे वळून बघितलं. आता तिच्या डोळ्यांत माझी कीव होती, बिचारी, नवऱ्याने फसवलं. ती कीव मला घेता आली असती. फार सोपं होतं.

मी म्हणाले, "और मुझे मालूम था कि ब्रेक ख़राब है. फिर भी चलायी."

तिचा चेहरा बदलला. ती कपड्यांचं गाठोडं उचलून चालू लागली. मागून गल्लीतल्या शर्मांचा मुनीम येत होता, दोन कोट हातावर टाकून. भास्करने पुन्हा घसा साफ केला.